लढाऊ वैमानिकांचे स्मरण गावात कसे करावे

काही वर्षांपूर्वी एका शाळेतील विजय दिनाच्या कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे आली होती. फलक घाईघाईत छापून आणला. त्यावर १९७१ च्या युद्धातील लढाऊ वैमानिक निर्मलजीतसिंग सेखों यांचे नाव होते, नावाआधी ‘कॅप्टन’ असा हुद्दा होता आणि मागे आपल्या हवाई दलाने कधीही न वापरलेल्या एका परदेशी विमानाचे झगमगीत चित्र होते. पाहुण्यांमध्ये हवाई दलातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ होते. कार्यक्रम संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. निघताना मात्र मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, ‘सर, ते नॅट विमान उडवत होते. आणि ते फ्लाइंग ऑफिसर होते.’ त्या दिवशी दोनशे मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण ज्या माणसासाठी वाजवल्या, तो माणूस फलकावर नव्हताच.

तेव्हापासून असे कार्यक्रम करताना मी एक पथ्य पाळतो. आभार मानायचे असतील, तर ते कोणाचे आणि नेमके कशासाठी मानतो आहोत, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ‘देशासाठी प्राण देणाऱ्या सर्व वीरांना’ असे म्हटले की कोणीच डोळ्यांपुढे येत नाही. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या शाळेला, वाचनालयाला किंवा तरुण मंडळाला कमी खर्चात हे स्मरण नीट कसे करता येईल, याची अनुभवातून सापडलेली रीत पुढे मांडतो.

एकच वैमानिक, एकच उड्डाण

एका कार्यक्रमात एकाच वैमानिकाची गोष्ट सांगावी आणि तीही त्याच्या एकाच उड्डाणाची. पूर्ण चरित्र सांगू लागले की जन्मगाव, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय यांतच वेळ निघून जातो आणि मुले चुळबुळ करू लागतात. एक उड्डाण काही मिनिटांचे असते. ते वीस मिनिटांत नीट सांगता येते.

सेखों यांचेच उदाहरण घेऊ, कारण हवाई दलाला आजवर मिळालेले एकमेव परमवीर चक्र त्यांचे आहे. १९४८ च्या समझोत्यामुळे युद्ध सुरू होईपर्यंत श्रीनगरच्या तळावर हवाई संरक्षणाची विमाने ठेवली जात नव्हती. त्यामुळे १९७१ च्या डिसेंबरात तेथे गेलेल्या १८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या वैमानिकांना तो डोंगराळ मुलूख आणि तेथील थंडी दोन्ही नवीन होती. १४ डिसेंबर रोजी सकाळी पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांनी तळावर हल्ला केला. सेखों यांचे सहकारी घुमन आधी उडाले आणि पुढे त्या धावपळीत त्यांचा एकमेकांशी संपर्क तुटला. सेखों उडण्याच्या तयारीत होते तेव्हा धावपट्टीवर बॉम्ब पडू लागले होते आणि तशातच त्यांनी विमान उचलले. आकाशात गेल्यावर सुरक्षित दिशेला वळण्याऐवजी त्यांनी हल्ला करणाऱ्यांपैकी दोन विमानांचा पाठलाग धरला. पदकासोबतच्या मानपत्रानुसार त्यांनी एका विमानावर अचूक मारा केला आणि दुसऱ्याला आग लावली. मग इतर सेबर विमाने मदतीला धावून आली आणि चारास एक अशा विषम लढतीत त्यांचे विमान पडले. विमानाचे अवशेष एका दरीत सापडले, परंतु बराच शोध घेऊनही त्यांचा देह मिळाला नाही.

येथे थांबावे. यापुढे वक्त्याने स्वतःची कविता वाचू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

दुसऱ्या वर्षी दुसरे नाव घ्यावे. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरील बोयरा येथे मॅसी, गणपती, लाझारस आणि सोआरीस या चौघांनी नॅट विमानांतून दिलेली लढाई मुलांना फार आवडते, कारण त्यात चौघांची जुळवणी दिसते. कारगिलच्या वेळी, २७ मे १९९९ रोजी, इंजिन बंद पडल्याने उडी मारावी लागलेले फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांचा शोध घेत शत्रूच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात थांबून राहिलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांची गोष्ट मोठ्या मुलांसाठी आहे. ती ऐकल्यावर वर्गात काही वेळ कोणी बोलत नाही. फार मागे जायचे असेल, तर पहिल्या महायुद्धात १९१८ च्या जुलैमध्ये अवघ्या काही दिवसांत दहा हवाई विजय मिळवणारे आणि त्याच महिन्यात वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मरण पावलेले इंद्रलाल रॉय आहेत. अकरावी-बारावीच्या मुलांना ते वय स्वतःच्या वयाशेजारी ठेवून पाहता येते.

नोंदी तपासण्याचे काम

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. अस्सल कागद पाहिल्याशिवाय विधान करू नये, हा इतिहासाचार्य राजवाडे यांचा आग्रह खानदेशात तरी वेगळा सांगावा लागू नये. पण समाजमाध्यमांवरून आलेला मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवणारे वक्ते आपल्याकडेच भेटतात. शौर्यपदकांची मानपत्रे संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर वाचता येतात. दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. तेथील त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर सैनिकांची नावे कोरलेली आहेत. नाव, हुद्दा, स्क्वाड्रन, विमान, तारीख आणि पदक या सहा गोष्टी दोन ठिकाणी जुळल्या की मगच फलकाचा मजकूर छपाईला द्यावा.

हुद्द्यांत चूक हमखास होते. हवाई दलातील क्रम फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन असा चढत जातो. नुसता ‘कॅप्टन’ हा हुद्दा तेथे नाही. हवाई लढाईत किती विमाने पाडली याबद्दल दोन्ही देशांचे आकडे क्वचितच जुळतात, म्हणून ‘मानपत्रानुसार’ हा शब्द वापरण्यात कमीपणा मानू नये.

नोंदी तपासण्याचे मोल किती असते, हे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या यांच्या बाबतीत दिसते. ७ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानच्या सरगोधा तळावरील हल्ल्यात ते राखीव वैमानिक म्हणून निघाले होते आणि परतले नाहीत. आपल्या बाजूला केवळ ‘परतले नाहीत’ एवढीच नोंद राहिली. पुढे पाकिस्तानच्या बाजूने जी माहिती प्रसिद्ध झाली तिच्यावरून कळले, की त्यांच्या मिस्टेर विमानाने, वेगाने कितीतरी सरस असलेल्या पाकिस्तानच्या एका स्टारफायटर विमानाशी एकट्याने झुंज दिली होती आणि ते पाडले होते. १९८८ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. त्यांचे कर्तृत्व उजेडात आले ते शत्रूच्या बाजूच्या साक्षीमुळे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

कबड्डीच्या मैदानावर विमान

मी आजवर केलेल्या प्रयोगांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक ठरला, म्हणून तो सविस्तर सांगतो. लागणाऱ्या वस्तू अशा: मैदान आखायची फक्की, सुतळी, चार खुंट्या आणि मोजपट्टी.

नॅट विमानाची लांबी सुमारे ८.७ मीटर आणि पंखांचा विस्तार सुमारे ६.७ मीटर असतो. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मैदानाच्या मधोमध लांबीच्या दिशेने सुतळी ताणावी, तिच्यावर ८.७ मीटरची खूण करावी, नाकापासून निम्म्याच्या थोडे मागे पंखांची रेघ आडवी घ्यावी आणि दोन्ही बाजूंना ३.३५ मीटरवर खुंटी ठोकावी. पंख मागे झुकलेले असतात, म्हणून टोकांच्या खुंट्या किंचित मागे सरकवाव्यात. मग बाह्यरेषेवर फक्की टाकावी. पूर्ण विमान कबड्डीच्या मैदानात आरामात मावते आणि चारही बाजूंना जागा उरते. मुलांचा पहिला उद्गार ठरलेला असतो: ‘एवढंसंच?’

त्यानंतर त्याच मैदानावर सेबर आखावे, म्हणजे लांबी सुमारे ११.४ मीटर आणि पंख सुमारे ११.३ मीटर. लांबीत ते बसते. पण पंख मैदानाच्या दोन्ही रेषांबाहेर सुमारे दीड हात जातात. कबड्डी खेळणाऱ्या मुलाला रेषेबाहेर जाणे म्हणजे काय, हे वेगळे समजवावे लागत नाही. शेवटी एका मुलाला नॅटच्या रेषेत, वैमानिक बसतो त्या जागी, मांडी घालून बसवावे आणि सहा मुलांना मैदानाभोवती उभे करावे. गोष्ट या वेळी सांगावी, आधी नव्हे.

डिसेंबरात हे दुपारी चारनंतर करावे. सकाळी दव असते आणि ओल्या मातीत फक्की पसरते; शिवाय कापूस वेचणीच्या दिवसांत पालक संध्याकाळीच मोकळे होतात.

जमिनीवरची माणसे

खानदेशातून हवाई दलात गेलेल्या माणसांचा शोध घेतला, तर वैमानिकापेक्षा फिटर, विमानाची शस्त्रे सांभाळणारा आर्मरर, रेडिओ किंवा रडार सांभाळणारा वायुसैनिक भेटण्याची शक्यता अधिक असते. कोणी आयटीआय करून ओझरच्या कारखान्यात लागलेला असतो, जो १९६४ मध्ये मिग-२१ बनवण्यासाठी उभा राहिला. कोणाचे वडील वरणगाव किंवा भुसावळच्या आयुध निर्माणीत असतात. वैमानिकाचे स्मरण करताना या माणसांना पहिल्या रांगेत बसवावे. नॅटच्या तोफा ऐन वेळी अडकण्याची तक्रार १९६५ च्या युद्धात वारंवार झाली होती. त्या तोफा रात्रभर बसून चालत्या ठेवणारा आर्मरर हा त्या लढाईचा भागीदार असतो, पण त्याचे नाव फलकावर कोणी लिहीत नाही.

तालुक्यातील निवृत्त वायुसैनिकांचा पत्ता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने किंवा माजी सैनिकांच्या संघटनेमार्फत मिळू शकतो. निमंत्रण द्यायला प्रत्यक्ष जावे, आणि पहिल्या भेटीत फोन बाहेर काढू नये. ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ हा प्रश्न मुलांना आधीच बजावून बंद करावा. त्याऐवजी थंडी कशी होती, जेवण काय मिळायचे, घरून पत्र किती दिवसांनी यायचे, असे विचारावे. बोलणे अहिराणीत होत असेल तर ते प्रमाण मराठीकडे ओढू नये. एका गावी आमच्या नववीतील मुलीने धीर करून विचारले, ‘नाना, तुम्ही तवय कोठे व्हतात?’ तोवर हो-नाही एवढेच बोलणारे नाना पुढचा पाऊण तास थांबले नाहीत.

ते फिटर होते. वैमानिक बसल्यावर पट्टे आवळायचे, आसनाच्या सुरक्षा पिना काढायच्या, लाल फितीसकट त्या वैमानिकाला दाखवायच्या, त्याने मोजून मान हलवली की शिडी काढून घ्यायची, हे त्यांचे काम. एकदा विमान परतायची वेळ टळून गेली, तरी त्यांनी शिडी जागची हलवली नाही. पुढे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मुलांनी मात्र घरी जाऊन शिडीबद्दलच सांगितले, असे दुसऱ्या दिवशी दोन पालकांकडून कळले.

कोणता शब्द, कोणता फोटो

‘शहीद’ हा शब्द रूढ आहे, पण सरकारी कागदोपत्री तो अधिकृत दर्जा नाही. ‘वीरमरण आले’ किंवा ‘हुतात्मा’ असे मराठीत सरळ लिहावे. पत्नीचा उल्लेख ‘वीरनारी’ असा करावा. ‘विधवा’ हा शब्द निमंत्रणपत्रिकेवर छापलेला मी पाहिला आहे, तो छापू नये.

खरी काळजी घ्यावी लागते ती बेपत्ता वैमानिकांच्या बाबतीत. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे ५ डिसेंबर १९७१ रोजी सुखोई-७ विमानातून पाकिस्तानातील शोरकोटच्या मोहिमेवर गेले आणि परतले नाहीत. कैद झालेल्या भारतीय वैमानिकांच्या बातमीत त्यांच्या नावाशी मिळतेजुळते नाव तिकडच्या वृत्तपत्रात आले होते. पाकिस्तानने मात्र असे कैदी आपल्याकडे असल्याचे नाकारले आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय दर्जाच्या बॅडमिंटनपटू. लग्नाला फार तर दीड वर्ष झाले होते. २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले, तेव्हाही उत्तर हाती लागले नाही. ‘बेपत्ता ५४’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यादीतील ते एक.

अशा वैमानिकाच्या फोटोला हार घालू नये, नावापुढे ‘कै.’ किंवा ‘हुतात्मा’ लिहू नये, समई लावायची असल्यास ती फोटोसमोर न लावता व्यासपीठाच्या बाजूला लावावी. हे खानदेशातील माणसाला समजावायला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पुरते. आखाजीला घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरली जाते, तिच्यावर आंबा, डांगर ठेवले जाते आणि गेलेल्याला घास दिला जातो. ज्याच्याबद्दल काहीच कळलेले नाही, त्याच्या नावाने घागर भरायची की नाही? भरली तर आपणच त्याला मृत ठरवले, न भरली तर तो उपाशी राहिला. हा प्रश्न मी आमच्याकडच्या आजीबाईंच्या बैठकीत मांडला होता. बराच वेळ चर्चा झाली आणि एकमत झाले नाही. पण फोटोला हार नको, यावर मात्र सगळ्या ठाम होत्या.

शत्रूच्या वैमानिकाबद्दल

थोडक्यात सांगतो. घोषणा द्यायच्या तर वैमानिकाच्या नावाने द्याव्यात, शत्रूला शिव्या देऊन नव्हे. बोयराच्या लढाईत विमान पाडले गेल्यावर पॅराशूटने उतरलेल्या परवेझ मेहदी कुरेशी यांना संतापलेल्या जवानांच्या मारापासून भारतीय सेनेतील कॅप्टन एच. एस. पनाग यांनी वाचवले होते. हेच कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले, आणि कारगिलच्या वेळी तिकडे ते, तर इकडे आपले अनिल टिपणीस प्रमुखपदी होते. ही गोष्ट सांगितली की घोषणांचा सूर आपोआप बदलतो.

फलक, तारीख आणि पैसा

कायमचा फलक लावायचा असेल तर फ्लेक्स नको. भुसावळ-जळगावच्या उन्हात तो एका वैशाखात पांढरा पडतो आणि फाटका फलक लोंबकळत राहणे हे न लावण्यापेक्षा वाईट. कडप्प्यावर अक्षरे कोरून घ्यावीत. मजकूर तीन ओळींचा असावा, म्हणजे खर्च कमी होतो आणि चुकाही. नमुना असा: ‘फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों, परमवीर चक्र. १८ स्क्वाड्रन, भारतीय हवाई दल. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना त्यांनी नॅट विमानातून उड्डाण केले.’ मान्यवरांची नावे त्यावर नकोत. हवी तर मागच्या बाजूला कोरावीत. सार्वजनिक जागेसाठी ग्रामसभेचा ठराव आधी घ्यावा. झाड लावणार असाल, तर पुढच्या दोन उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार, त्याचे नाव ठरावातच लिहावे.

तारखांमध्ये ८ ऑक्टोबर हा हवाई दलाचा दिवस आहे. तो अनेकदा दसऱ्याच्या गडबडीत येतो. १४ डिसेंबर सोयीचा, १६ डिसेंबरचा विजय दिन सर्वांना ठाऊक. पण तारीख कोणतीही निवडली तरी दरवर्षी तीच ठेवावी. नंदुरबारने हे करून दाखवले आहे: ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात पडलेल्या शिरीषकुमार आणि त्याच्या चार सोबत्यांचे स्मरण तेथे आजही त्याच दिवशी होते, आणि लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम ही इतर चौघांची नावेही गाव विसरलेले नाही.

कार्यक्रमात जमलेली रक्कम शाल-श्रीफळावर खर्च करण्याऐवजी सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला द्यावी. ध्वजदिन ७ डिसेंबरला असतो आणि निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पावतीसह स्वीकारला जातो. वैमानिकाच्या कुटुंबाला पत्र पाठवायचे असल्यास तेही अशा कार्यालयामार्फत पाठवावे, उत्तराची अपेक्षा ठेवू नये, आणि मुलांनी मैदानावर आखलेल्या विमानाचा एखादा फोटो सोबत जोडावा.

शेवटचे काम एका वहीचे आहे. तारीख, वैमानिकाचे नाव, माहिती कोठून तपासली, कोण बोलले, मुलांनी कोणते प्रश्न विचारले आणि कोणती चूक झाली, हे त्याच संध्याकाळी लिहून वही मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘कॅप्टन’ हा शब्द खोडलेला आहे आणि शेजारी त्या वयोवृद्ध गृहस्थांच्या अक्षरात ‘फ्लाइंग ऑफिसर’ असे लिहिलेले आहे.